मागच्या फळीतला माणूस



या वर्षीच्या व्याख्यानमालेची पत्रिका निघाली तेव्हा दोघातिघांनी मला वाटेत गाठून विचारले, “काय हो, तुम्ही युनियनची माणसे. बोनस आणि महागाईभत्ता सोडून अमेरिकन फुटबॉलवर काय बोलणार?” प्रश्न रास्त होता. मी काही खेळाडू नव्हे. माझी शाळा सातवीला सुटली, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. पण वाचता वाचता या खेळातल्या एका माणसाची हकीकत हाती लागली, आणि ती मला खेळाडूपेक्षा कामगाराचीच अधिक वाटली. त्याने काम मागितले, ते चोख केले, हातचे कसब वाढवले, आणि पुढे तेच कसब दुसऱ्यांना शिकवले. बढती मात्र त्याला एका पायरीपर्यंतच मिळाली. ती कोणती पायरी, आणि गाडी तिथेच का थांबली, एवढेच मला आज सांगायचे आहे. त्या माणसाचे नाव एम्लेन टनेल.

प्रथम खेळाविषयी थोडे सांगतो. त्यावाचून पुढचे कळणार नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायाचा उपयोग थोडा आणि हातांचा फार. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. मैदान १०० यार्डांचे, आणि दोन्ही पक्षांचे अकरा-अकरा गडी. ज्याच्या हाती चेंडू तो पक्ष चढाई करतो. चार प्रयत्नांत त्याने निदान १० यार्ड पुढे सरकले पाहिजे. सरकला तर आणखी चार प्रयत्न मिळतात. नाही तर चेंडू दुसऱ्या पक्षाकडे जातो. चढाईचे मार्ग दोन. एक तर चेंडू काखोटीला मारून पळायचे, नाही तर तो लांब पुढे फेकायचा आणि आपल्याच गड्याने धावत जाऊन झेलायचा. बचाव करणाऱ्यांनी पळणाऱ्याला धरून खाली पाडायचे. आपल्या कबड्डीतली पकड ज्याने पाहिली आहे त्याला यातले मर्म समजावून सांगायला नको.

बचावाची जी सर्वांत मागची फळी असते तिचे काम निराळे. पुढच्या फळीतून कोणी निसटला तर त्याला अडवायचे हे तर आहेच, पण मुख्य काम लांबून आलेल्या फेकीवर नजर ठेवण्याचे. झेल घेणाऱ्याला आपण कोठे वळणार हे आधीच ठाऊक असते. त्याच्या मागावर असलेल्या बचावपटूला ते ठाऊक नसते, आणि पुष्कळदा उलट्या पावली धावता धावताच त्याला ते ओळखावे लागते. ओळखून त्याने मध्येच उडी घेतली आणि चेंडू स्वतःच झेलला, तर चेंडू त्याच्या पक्षाचा होतो. याला आपण ‘मधला झेल’ म्हणू.

रेल्वेतल्या सांधेवाल्याचे काम जसे, तसेच हे. सांधा बरोबर बसला तर गाडी निघून जाते आणि त्याचे नाव कोणी काढत नाही; चुकला तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी. मागच्या फळीतला माणूस नीट काम करतो तेव्हा मैदानावर काहीच घडत नाही. त्याच्या कामाची वहीत सहज नोंदवता येण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे मधला झेल. टनेलने व्यावसायिक खेळातल्या १४ मोसमांत असे ७९ झेल घेतले. त्याच्या कारकिर्दीतले बहुतेक मोसम अवघ्या १२ सामन्यांचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. तो निवृत्त झाला तेव्हा हा उच्चांक होता. पुढे १९७९ मध्ये पॉल क्राउझ नावाच्या खेळाडूने तो ओलांडला.

आता माणसाकडे वळू. टनेलचा जन्म १९२४ चा. पेन्सिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फिया शहराजवळच्या वस्तीत तो वाढला. आई लोकांच्या घरची कामे करून मुलांना वाढवी. टोलेडो विद्यापीठात तो शिकायला गेला, आणि १९४२ मध्ये खेळताना त्याच्या मानेचे हाड मोडले. युद्ध चालू होते. मानेच्या दुखण्यामुळे सैन्याने त्याला नाकारले, नौदलानेही नाकारले. शेवटी तटरक्षक दलाने घेतले. पण तेथे काम कोणते मिळाले? गोऱ्या अधिकाऱ्यांच्या खाण्यापिण्याची आणि खोल्यांची व्यवस्था ठेवण्याचे. टनेल कृष्णवर्णीय होता, आणि त्या दिवसांत कृष्णवर्णीय खलाशाच्या वाट्याला बहुतेक हेच काम येई.

एप्रिल १९४४ मध्ये न्यू गिनीच्या किनाऱ्याजवळ त्याच्या जहाजावर जपानी विमानाने टाकलेला पाणतीर आदळला. एक सोबती ज्वाळांनी वेढला गेला. टनेलने आपल्या हातांनी त्याच्या अंगावरची आग विझवली आणि त्यात स्वतः भाजून घेतले. पुढे १९४६ मध्ये न्यूफाउंडलंडजवळ एक खलाशी पाण्यात पडला, तेव्हा त्या गोठवणाऱ्या पाण्यात उडी टाकून यानेच त्याला वर काढले. या दोन कृत्यांबद्दल त्याला जीवरक्षणाचे रौप्यपदक मिळाले, पण केव्हा? २०११ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी. हे पदक ध्यानात ठेवा. शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

युद्धानंतर तो आयोवा विद्यापीठाकडून खेळला आणि १९४८ च्या उन्हाळ्यात व्यावसायिक खेळात काम शोधू लागला. त्या वेळी काम मिळणे किती अवघड होते ते सांगितले पाहिजे. नॅशनल फुटबॉल लीग ही तिथल्या व्यावसायिक संघांची संघटना. १९३४ पासून १९४५ पर्यंत, बारा मोसम, या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. गंमत अशी की तसा लिखित नियम कोठेच नव्हता. मालकांनी कागदावर काही न उतरवता बारा वर्षे ही बंदी पाळली. आम्हा युनियनवाल्यांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. फाटकावर पाटी नसते, पण कोणाला आत घ्यायचे नाही हे पहारेकऱ्यालासुद्धा ठाऊक असते.

ही बंदी फुटली ती १९४६ मध्ये. क्लीव्हलंडचा रॅम्स हा संघ लॉस एंजेलिसला जायला निघाला आणि त्याला तिथले मोठे क्रीडागार भाड्याने हवे होते. तिथल्या कृष्णवर्णीय पत्रकारांनी आवाज उठवला: हे क्रीडागार लोकांच्या पैशाचे आहे, रंग पाहून माणसे घेणाऱ्या संघाला ते देता येणार नाही. संघाला नमावे लागले, आणि केनी वॉशिंग्टन व वुडी स्ट्रोड हे दोघे आत आले. त्याच वर्षी दुसऱ्या एका स्पर्धक लीगमधल्या क्लीव्हलंड ब्राउन्सने मॅरियन मोट्ली आणि बिल विलिस यांना घेतले. सर्वांत शेवटी नमला तो राजधानी वॉशिंग्टनचा संघ, १९६२ मध्ये. आणि तोही अशाच कारणाने, कारण त्याचे नवे मैदान केंद्र सरकारच्या जागेवर होते. दोन्ही वेळा कोणाचे हृदयपरिवर्तन झाले म्हणून दार उघडले नाही. जागा सार्वजनिक होती, आणि ती सार्वजनिक आहे याची आठवण करून देणारी माणसे जागी होती, म्हणून ते उघडले.

पण १९४८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स या संघात अजून एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. टनेलला कोणी बोलावले नव्हते. तो पेन्सिल्व्हेनियातून वाटेतल्या गाड्यांना हात दाखवत निघाला. केळी वाहून नेणाऱ्या एका ट्रकवाल्याने त्याला न्यूयॉर्कच्या वाटेवर बसवून घेतले. संघाच्या कचेरीत जाऊन त्याने मालक टिम मॅरा यांना सांगितले की मला खेळून दाखवायचे आहे. मॅरा कुटुंबाने त्याला संधी दिली आणि करार झाला. जायंट्सचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पहिल्याच मोसमात त्याने सात मधले झेल घेतले, दुसऱ्यात दहा.

याच सुमारास खेळाचा एक नियम बदलला. पूर्वी तेच अकरा गडी चढाईही करत आणि बचावही. १९४९ मध्ये लीगने गडी हवे तितक्या वेळा बदलण्याची मुभा दिली आणि १९५० पासून ती कायम केली. मग चढाईचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे झाले. कारखान्यात जशी खाती पडतात आणि प्रत्येक खात्याचा कसबी कारागीर वेगळा होतो, तसेच हे झाले. नुसत्या बचावावर पोट भरणारा कारागीर या नियमाने निर्माण केला, आणि टनेल त्यांतला पहिल्या प्रतीचा ठरला. मधला झेल घेतला की तो तेथे थांबत नसे. चेंडू घेऊन पळत सुटे. प्रतिपक्षाने लाथेने उडवलेला चेंडू झेलून परत आणण्याचे कामही त्याच्याकडे होते. १९५२ मध्ये चढाईच्या फळीत न खेळता त्याने नऊशेहून अधिक यार्ड कापले. त्या वर्षी चढाईत चेंडू घेऊन पळणाऱ्यांत जो पहिला आला, त्याचे यार्ड ८९४ होते! ‘बचावातली चढाई’ अशा अर्थाचे टोपणनाव टनेलला पडले ते उगीच नव्हे.

१९५० चा एक सामना सांगतो. क्लीव्हलंड ब्राउन्स हा संघ आपल्या जुन्या लीगची चारही अजिंक्यपदे जिंकून त्या वर्षी मोठ्या लीगमध्ये आला होता. त्याची लांब फेकीची चढाई कोणाला आवरत नसे. जायंट्सचे प्रशिक्षक स्टीव्ह ओवेन यांनी एक नवा व्यूह रचला. पुढच्या फळीच्या दोन टोकांच्या गड्यांनी वेळ पाहून मागे सरायचे, आणि मागच्या चौघांनी उघडलेल्या छत्रीच्या कडेसारखे पसरायचे. याला नाव पडले ‘छत्री’. छत्रीच्या कडेचे ते चौघे म्हणजे एम्लेन टनेल, टॉम लँड्री, ऑटो श्नेलबाखर आणि हार्मन रो. १ ऑक्टोबरला सामना झाला. जायंट्सने तो ६–० असा जिंकला, आणि ब्राउन्सना त्यांच्या इतिहासात प्रथमच एकही गुण मिळाला नाही.

या चौघांपैकी दोन नावे आता शेजारी शेजारी ठेवून पाहू. टॉम लँड्रीचाही जन्म १९२४ चाच. तोही युद्धावर होता, बाँबफेकी विमानाचा वैमानिक म्हणून. दोघे एकाच संघात, एकाच फळीत, एकमेकांच्या आधाराने खेळले. ओवेन यांनी फळ्यावर व्यूहाची आकृती काढायची आणि बाकीच्यांना ती समजावण्याचे काम लँड्रीवर सोडायचे, असे होई. १९५४ मध्ये लँड्री खेळता खेळताच सहायक प्रशिक्षक झाला. १९६० मध्ये नव्याने निघालेल्या डॅलस काउबॉइज संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला, आणि त्या पदावर सलग २९ मोसम राहिला. लँड्री गोरा होता.

येथे मला न्यायाने बोलले पाहिजे. लँड्रीची योग्यता अस्सल होती. तो विद्यापीठात अभियांत्रिकी शिकलेला, हिशेबी बुद्धीचा; बचावशास्त्रात त्याने नवीन भर घातली. टनेलचा भर उपजत जाणिवेवर होता. तेव्हा लँड्रीला पद का मिळाले, अशी तक्रार कोणी करू नये. प्रश्न निराळा आहे. टनेलच्या पिढीत डझनावारी कुशल कृष्णवर्णीय खेळाडू झाले. त्यांतल्या एकालाही या लीगमध्ये मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची मिळू नये, हे काय केवळ योग्यतेच्या हिशेबात बसते?

टनेलची पुढची वाटचाल अशी. १९५६ मध्ये जायंट्सने शिकागो बेअर्सना ४७–७ असे हरवून अजिंक्यपद मिळवले, त्या संघात तो होता. त्याच वर्षी आमच्या धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची एक गोष्ट घडली: खेळाडूंनी आपली संघटना काढली. किमान ५,००० डॉलर वार्षिक पगार, आणि खेळताना जायबंदी झालेल्याचा पगार चालू राहणे, अशा त्यांच्या साध्या मागण्या होत्या. टनेलचाच सोबती काइल रोट हा संघटनेच्या पहिल्या पुढाऱ्यांपैकी एक. १९५७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बिल रॅडोविच या खेळाडूच्या दाव्यात निकाल दिला, की मक्तेदारीविरोधी कायदा फुटबॉललाही लागू आहे. मालकांचा हात तेथे थोडा आखडला; तरी पहिला सामुदायिक करार व्हायला १९६८ साल उजाडावे लागले.

१९५९ मध्ये विन्स लोंबार्डी ग्रीन बे पॅकर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. ते जायंट्सकडे सहायक असताना टनेलचे काम पाहिलेले. त्यांनी त्याला बरोबर नेले. ग्रीन बे हे लहान गाव. कृष्णवर्णीयांना तेथे धड जागाही भाड्याने मिळत नसे. टनेल या तरुण सोबत्यांचा वडीलभाऊ झाला. त्यांतला एक होता विली वुड. कॉलेजातून निघाल्यावर त्याला एकाही संघाने निवडले नव्हते. त्याने स्वतः संघांना पत्रे लिहून संधी मागितली आणि १९६० मध्ये पॅकर्सने त्याला घेतले. टनेलला यात आपलीच बारा वर्षांपूर्वीची हकीकत दिसली असली पाहिजे. वुड कॉलेजात फेक करणारा गडी होता, त्याला मागच्या फळीत आणले गेले. म्हणजे ज्या जागेवर टनेल खेळत होता त्याच जागेचा हा उमेदवार. कारखान्यात आपण पाहतो, पुष्कळ जुने कारागीर अशा वेळी हातचे राखून शिकवतात. टनेलने राखले नाही. त्याने वुडला तयार केले, आणि स्वतः हळूहळू बाजूला झाला. १९६१ च्या अखेरच्या दिवशी पॅकर्सने अंतिम सामन्यात जायंट्सना, म्हणजे टनेलच्याच जुन्या संघाला, ३७–० असे हरवले. तो मोसम संपवून टनेल निवृत्त झाला.

मग त्याने नवे खेळाडू हेरण्याचे काम केले, आणि १९६५ मध्ये जायंट्सने त्याला मागच्या फळीचा सहायक प्रशिक्षक नेमले. अशा पदावर बसलेल्या लीगमधल्या पहिल्या मोजक्या कृष्णवर्णीयांत त्याची गणना होते. त्याच वर्षी संघात आलेला कार्ल लॉकहार्ट हा निवडीच्या तेराव्या फेरीत, म्हणजे जवळजवळ उरल्यासुरल्यांत, मिळालेला गडी होता. टनेलने त्याला ‘स्पायडर’, म्हणजे कोळी, असे नाव ठेवले. हा स्पायडर लॉकहार्ट पुढे अकरा मोसम खेळला. १९६७ मध्ये कँटन येथील फुटबॉलच्या सन्मानमंदिरात टनेलची निवड झाली. तेथे गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय, आणि केवळ बचावातल्या कामगिरीवर गेलेलाही पहिलाच.

खेळाडू म्हणून याहून मोठा मान नाही. पण सन्मानमंदिरात पुतळा बसला तरी पद सहायकाचेच राहिले. १९७५ च्या जुलैमध्ये संघाच्या सराव शिबिरात हृदयविकाराने तो वारला. वय ५१. त्या दिवसापर्यंत लीगच्या त्या साऱ्या काळात एकही कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला नव्हता. अगदी आरंभी, १९२१ मध्ये, फ्रिट्झ पोलार्डने खेळता खेळता ते काम केले होते. त्यानंतरचा दुसरा माणूस म्हणजे आर्ट शेल, १९८९ मध्ये. मध्ये गेली ६८ वर्षे!

हे असे का होते? माझा अनुभव सांगतो. कामगाराचे हात मालकाला लवकर पटतात, कारण हातांचे काम मोजता येते. ७९ झेल म्हणजे ७९. तेथे रंग आडवा येऊ शकत नाही. पण ज्याने दुसऱ्यांना हुकूम द्यायचा, त्याची निवड होताना माप बदलते. तेथे ‘विश्वास’, ‘व्यक्तिमत्त्व’, ‘आपल्यात बसेल का’ असे शब्द येतात. हे शब्द मोजता येत नाहीत. आणि जे मोजता येत नाही त्याच्या आड जुनी बंदी सुखाने नांदते. यंत्रावर वीस वर्षे काढलेला माणूस यंत्रावरच राहतो आणि साहेब बाहेरून येतो, हे आपल्यातल्या कितीकांनी पाहिले असेल.

पहिले दार टनेलने एकट्याने, ट्रकात बसून जाऊन, उघडले. त्याच्या धैर्याला मी नमस्कार करतो. पण धैर्याने उघडलेले दार त्या एका माणसापुरते उघडते. दुसरे दार उघडायला नियम लागला. २००२ मध्ये दोन वकिलांनी मुख्य प्रशिक्षकांच्या नेमणुकांचे आकडे मांडून लीगला जाब विचारला, आणि २००३ पासून नियम आला, की मुख्य प्रशिक्षक नेमण्यापूर्वी निदान एका अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. पिट्सबर्ग संघाचे डॅन रूनी यांच्या नावाने तो ओळखला जातो. फेब्रुवारी २००७ च्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे मुख्य प्रशिक्षक कृष्णवर्णीय होते. जिंकला तो टोनी डंजी, तोही एके काळी मागच्या फळीतलाच खेळाडू.

मात्र नियम झाला म्हणजे काम संपले असे नव्हे. २०२२ मध्ये ब्रायन फ्लोरेस या प्रशिक्षकाने लीगवर आणि काही संघांवर दावा लावला. आपल्या मुलाखती केवळ नियमाची पूर्तता दाखवण्यासाठी घेतल्या गेल्या, असा त्याचा आरोप होता, आणि त्या संघांत न्यूयॉर्क जायंट्सही होता. खरेखोटे न्यायासनापुढचे आहे. पण नियमाच्या मागे तो राबवून घेणारी माणसे हवीत, हे आपल्याला नव्याने शिकण्याची गरज नाही. किमान वेतनाचा कायदा आहे, आणि ते न देणारेही आहेत.

आता त्या पदकाकडे परत येतो. २०११ मध्ये ते दिले गेले, आणि २०२१ मध्ये तटरक्षक दलाने आपल्या एका नव्या गस्तीच्या जहाजाला ‘एम्लेन टनेल’ हे नाव दिले. ज्या दलात त्याला वाढप्याचे काम मिळाले, त्याच दलाचे जहाज आज त्याच्या नावाने समुद्रात आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण मेलेल्या माणसाला नाव देणे सोपे असते. जिवंत माणसाला जागा देणे अवघड.

म्हणून त्याचे स्मारक कोणते असे मला विचारले तर मी जहाजाकडे बोट दाखवणार नाही. ज्या १९७५ सालात टनेल गेला, त्याच साली फिलाडेल्फिया बेल नावाच्या, दुसऱ्या एका अल्पजीवी लीगमधल्या संघाने आपला मुख्य प्रशिक्षक नेमला. आधुनिक व्यावसायिक फुटबॉलमध्ये हे पद मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय होता. त्याचे नाव विली वुड.